एक काप, अनेक आकडे

२०१६ साली जर्मनीतले पॅथॉलॉजिस्ट कार्स्टेन डेंकर्ट आणि त्यांच्या आंतरराष्ट्रीय सहकाऱ्यांनी एका परीक्षेचे निकाल प्रसिद्ध केले. परीक्षा पॅथॉलॉजिस्टांचीच होती. स्तनाच्या कर्करोगाच्या ६० बायोप्सींच्या स्लाइड स्कॅन करून ३२ जणांना दाखवल्या होत्या. कर्कपेशींच्या पुंजक्यांना धरून ठेवणारी जी ऊती असते, तिला स्ट्रोमा म्हणतात. त्या स्ट्रोमात लिम्फोसाइटनी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारक पेशींनी, किती टक्के जागा व्यापली आहे एवढंच प्रत्येकानं सांगायचं होतं. नियम सगळ्यांना आधीच दिले होते. उत्तरांमधलं एकमत मोजलं तेव्हा आकडा आला ०.७०. इथे १ म्हणजे पूर्ण एकमत आणि ० म्हणजे एकमताचा मागमूसही नाही. अनुभवी डोळ्यांच्या मानानं हा निकाल वाईट नव्हता, पण त्यावर कोणाची केमोथेरपी ठरवावी इतका भक्कमही नव्हता.

मग दुसरी फेरी झाली. या वेळी ६० नव्या स्लाइड होत्या आणि २८ पॅथॉलॉजिस्ट. पेशी ओळखणारं यंत्र आणलं नव्हतं. पडद्यावर शेजारी नमुन्याची चित्रं ठेवली, ठरावीक भाग पाहून त्यांची सरासरी काढायला सांगितली. मोजण्याची रीत बांधून दिली, इतकंच. एकमत ०.८९ वर गेलं.

गेल्या दहा वर्षांत गाठीतल्या प्रतिकारक पेशी मोजणारी सॉफ्टवेअरं भराभर आली आहेत आणि त्यांच्यात डावं-उजवं करणारे शोधनिबंधही. त्यातले बरेच वाचल्यावर माझं लक्ष पुन्हा पुन्हा या दोन फेऱ्यांकडे जातं. कोणतं सॉफ्टवेअर पेशी जास्त अचूक ओळखतं यावर वाद रंगतो. आकडे मात्र बहुतेक वेळा दुसऱ्याच ठिकाणी बदलतात. कुठे मोजलं आणि कशानं भागलं, या दोन निर्णयांत.

आधी, मोजायचंच कशाला ते पाहू. गाठीत पांढऱ्या पेशी दिसतात हे रुडॉल्फ फिरखो यांनी १८६३ मध्येच नोंदवलं होतं. त्या तिथे कशासाठी येतात याचं उत्तर मिळायला शंभराहून जास्त वर्षं गेली. आज आपल्याला माहीत आहे की यातल्या काही पेशी कर्कपेशींना ओळखून मारतात, काही त्या मारेकऱ्यांना आवरतात आणि काही नुसत्याच जमलेल्या असतात. पण घाऊक हिशेबातही त्यांची संख्या बरंच काही सांगून जाते.

सगळ्यात ठळक पुरावा ट्रिपल निगेटिव्ह स्तनकर्करोगाचा आहे. इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि हर-२ हे तिन्ही ग्राहक या गाठीवर नसतात, त्यामुळे त्यांच्यावर नेम धरणारी औषधं इथे चालत नाहीत. हा प्रकार भारतीय स्त्रियांमध्ये पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त प्रमाणात आढळतो, आणि बऱ्याचदा तरुण वयात. ऑस्ट्रेलियातल्या शेरीन लोई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये नऊ अभ्यासांतल्या २,१४८ रुग्णांची माहिती एकत्र केली. स्ट्रोमातल्या लिम्फोसाइटचं प्रमाण दर १० टक्क्यांनी वाढलं की मृत्यूचा धोका साधारण १६ टक्क्यांनी कमी होत होता. काखेतल्या गाठींपर्यंत रोग पोचलेला नाही आणि लिम्फोसाइट ३० टक्के किंवा जास्त, अशा रुग्णांपैकी ९९ टक्के तीन वर्षांनंतर हयात होते. या सगळ्यांना केमोथेरपी मिळालेली होती.

२०२४ मध्ये 'जामा'त आलेला अभ्यास याच्याही पुढे गेला. त्यातल्या १,९६६ रुग्णांना शस्त्रक्रिया, काहींना रेडिएशन मिळालं होतं, केमोथेरपी मुळीच नव्हती. पहिल्या टप्प्यातल्या ज्या गाठींमध्ये लिम्फोसाइट ५० टक्के किंवा जास्त होते, त्या रुग्णांपैकी ९४ टक्के पाच वर्षांनंतरही दूरच्या अवयवांत रोग न पसरता राहिले. ३० टक्क्यांपेक्षा कमी असलेल्यांत हे प्रमाण ७८ होतं. म्हणजे काही बायकांना केमोथेरपी टाळता येईल का, असा प्रश्न आता गंभीरपणे विचारता येतो. केस जाणं, उलट्या, हृदयावरचा ताण, कामाचे बुडालेले महिने आणि विकलेले दागिने यांतलं काही वाचू शकेल का, असाच हा प्रश्न आहे. आणि त्याचं उत्तर एका टक्केवारीवर टेकलेलं आहे.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगात हीच गोष्ट पॅरिसमध्ये घडली. जेरोम गालॉं, फ्रांक पाजेस आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये 'सायन्स'मध्ये दाखवलं की गाठीत कोणत्या प्रतिकारक पेशी आहेत, किती आहेत आणि कुठे आहेत यावरून रुग्णाचं पुढे काय होणार याचा चांगला अंदाज येतो. त्यातूनच 'इम्युनोस्कोर' ही पद्धत उभी राहिली. दोन रंगचाचण्या करायच्या: सीडी३ टी-पेशी या प्रकारच्या सगळ्या लिम्फोसाइटसाठी, सीडी८ त्यातल्या मारेकरी पेशींसाठी. दोन जागी मोजायचं, गाठीच्या पोटात आणि गाठ जिथे निरोगी ऊतीत घुसते त्या कडेवर. मोजणी सॉफ्टवेअरची. २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये १३ देशांतल्या १४ केंद्रांचे एकत्रित निकाल आले, २,६८१ रुग्णांचे. या आंतरराष्ट्रीय मोहिमेत अहमदाबादची गुजरात कॅन्सर अँड रिसर्च इन्स्टिट्यूटही होती. ज्या गटावर पद्धत बसवली त्यात पाच वर्षांत रोग उलटण्याचं प्रमाण उच्च गुणांकाच्या रुग्णांत ८ टक्के, मधल्यांत १९ आणि कमी गुणांकाच्या रुग्णांत ३२ टक्के होतं.

इतकं काही ज्या आकड्यावर अवलंबून आहे, तो निघतो कुठून?

शस्त्रक्रियेतून काढलेली गाठ फॉर्मालिनमध्ये जाते. स्तनाच्या ऊतीसाठी तिथे ६ ते ७२ तास हा मान्य अवधी आहे. मग तिचे तुकडे पॅराफिनच्या मेणात बसवून ब्लॉक करतात. मायक्रोटोमवर त्या ब्लॉकचे ३ ते ५ मायक्रॉन जाडीचे काप निघतात, ते कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर घेतात आणि रंगवतात. नेहमीचा रंग म्हणजे एच अँड ई. त्यातलं हिमॅटॉक्सिलिन मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातून येतं आणि पेशींची केंद्रकं निळी-जांभळी करतं. इओसिन बाकीचं गुलाबी करतं. प्रतिकारक पेशी नेमक्या हव्या असतील तर सीडी३ किंवा सीडी८ला चिकटणारी अँटिबॉडी लावून त्या पेशी तपकिरी करतात.

यातली प्रत्येक पायरी आकडा हलवते. नुसती कापाची जाडी घ्या. लिम्फोसाइटचं केंद्रक साधारण ७ मायक्रॉनचं असतं, म्हणजे कापापेक्षा मोठं. एकच केंद्रक दोन-तीन कापांत वाटलं जातं आणि प्रत्येक कापात एकेक पेशी म्हणून मोजलं जातं. मायकेल ॲबरक्रॉम्बी यांनी १९४६ मध्ये यासाठी सूत्र दिलं: दिसलेली संख्या गुणिले कापाची जाडी, भागिले जाडी अधिक केंद्रकाचा व्यास. ४ मायक्रॉनच्या कापात ११० केंद्रकं दिसली तर त्या जाडीला खरी न्याय्य संख्या ४० येते. हेच सूत्र उलटं लावून पाहिलं तर आणखी बोलकं ठरतं. किनारीचे पातळ तुकडेही डोळ्याला दिसतात असं धरलं, तर ३ मायक्रॉनऐवजी ५ मायक्रॉनचा काप घेतल्यानं त्याच गाठीत २० टक्के जास्त पेशी दिसतील. रुग्ण तोच, सॉफ्टवेअर तेच, मायक्रोटोमचा काटा तेवढा दोन घरं सरकलेला. पद्धतींची तुलना करणारे निबंध वाचताना मी आता आधी कापाची जाडी शोधते. ती अनेकदा लिहिलेलीच नसते.

काप रंगवून झाला की स्कॅनर. ४० पटीवर स्कॅन केलं तर एका पिक्सेलची बाजू साधारण पाव मायक्रॉन भरते, म्हणजे एका चौरस मिलिमीटरमध्ये १ कोटी ६० लाख पिक्सेल. बोटाच्या पेराएवढी, १५ मिलिमीटर बाजूची ऊती असेल तर चित्रात ३६० कोटी पिक्सेल होतात. माणूस यातला एखादा भाग बघतो आणि अंदाज बांधतो. यंत्र सगळं बघू शकतं. यंत्रमोजणीचं मोठं आकर्षण हेच आहे, आणि ते रास्त आहे.

या चित्रावर पेशी मोजण्याच्या रीती अनेक. जुनी आणि अजूनही सर्वत्र वापरात असलेली रीत रंगाची. २००१ मध्ये रुइफ्रोक आणि जॉन्स्टन यांनी चित्रातले रंग एकमेकांपासून सोडवण्याचं गणित दिलं. तपकिरी एका थरात, निळा दुसऱ्या थरात. मग एक उंबरठा ठरवायचा आणि त्यापलीकडचं तपकिरी मोजायचं. पेशी सुट्या असतील तर हे छान चालतं. पण लिम्फोसाइटना गर्दीत राहायची सवय आहे. चार-पाच पेशी एकमेकींना चिकटल्या की यंत्राला एकच मोठा ठिपका दिसतो. म्हणून काहीजण पेशी न मोजता तपकिरी क्षेत्रफळच मोजतात. त्यात गर्दीचा प्रश्न सुटतो, पण गडद रंगवलेली स्लाइड आणि फिकी स्लाइड यांतला फरक जसाच्या तसा आकड्यात उतरतो.

दुसरी रीत केंद्रकं वेगळी करून एकेक पेशी ओळखण्याची. इथे क्यूपाथचं नाव घ्यायलाच हवं. पीटर बँकहेड यांनी बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात ते लिहिलं आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध केलं, तेही फुकट आणि खुलं. साधा लॅपटॉप असलेल्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या पॅथॉलॉजिस्टलाही आज ते उतरवून घेता येतं. या एका माणसाच्या औदार्यानं जगभरच्या किती संशोधनाला हात दिला असेल याची मोजदाद करायला हवी. क्यूपाथ केंद्रकाची कड शोधतं आणि तिच्याभोवती ठरावीक अंतर, न बदलल्यास ५ मायक्रॉन, पेशीची हद्द म्हणून आखतं. वापरणाऱ्यानं काही पेशींवर 'ही लिम्फोसाइट, ही कर्कपेशी' अशा खुणा करायच्या आणि बाकीच्या ते स्वतः वर्गवारीला लावतं.

तिसरी रीत डीप लर्निंगची. २०१५ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठातून यू-नेट आलं आणि चित्रातल्या वस्तूंच्या कडा आखण्याचं काम बदलून गेलं. त्यानंतर केंद्रकांसाठीच घडवलेली स्टारडिस्ट आणि इंग्लंडमधल्या वॉरिक विद्यापीठाच्या गटाचं होवर-नेट ही जाळी आली. चिकटलेली केंद्रकं सोडवण्यात ही जाळी खरोखर सरस आहेत.

या रीतींची समोरासमोर तुलना करणारा एक अभ्यास मला आदर्श वाटतो. नेदरलँड्समधल्या राडबाउड विद्यापीठाच्या गटानं २०१९ मध्ये नऊ वैद्यकीय केंद्रांतून स्तन, आतडं आणि प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या सीडी३-सीडी८ स्लाइड गोळा केल्या आणि माणसांकरवी १ लाख ७१ हजार पेशींवर खुणा करून घेतल्या. त्यावर चार प्रकारची जाळी शिकवली आणि तपासली. यू-नेट सगळ्यांत पुढे राहिलं. यंत्रानं दाखवलेल्यांपैकी खऱ्या पेशी किती आणि खऱ्या पेशींपैकी यंत्राला सापडल्या किती, या दोन्हींचा मेळ घालणारा गुण एफ-१, तो ०.७८ आला. माणसांनी ठरवलेल्या प्रमाण-मोजणीशी यंत्राचं एकमत ०.७२ होतं. आणि स्वतंत्रपणे मोजणाऱ्या पॅथॉलॉजिस्टांचं त्याच प्रमाण-मोजणीशी सरासरी एकमत ०.६४.

यंत्र पॅथॉलॉजिस्टांच्या पुढे गेलं, अशी याची बातमी करणं सोपं आहे. माझ्या मते यात दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. अँटिबॉडीनं तपकिरी केलेली पेशी, म्हणजे कामाचा सगळ्यांत सोपा प्रकार, तिथेही माणसामाणसांत एवढं अंतर आहे. तर मग ज्या खुणांवर यंत्र शिकतं त्या खुणा तरी कोणाच्या धरायच्या? यंत्राची गुणवत्ता त्याच्या शिक्षकांच्या एकमतापेक्षा फार वर जाऊ शकत नाही. निदान ती वर गेली हे सिद्ध करायला आपल्याजवळ काही मोजमाप उरत नाही. या गटानं आपला परीक्षासंच सगळ्या जगासाठी खुला ठेवला, म्हणून पुढे इतरांना त्याच तराजूवर आपापली यंत्रं तोलता आली.

एच अँड ईवर काम याहून अवघड. तिथे लिम्फोसाइट म्हणजे एक लहानसं, गोल, गडद निळं केंद्रक, बस. रंगानं तिची जात सांगता येत नाही. पॅथॉलॉजी विभागात मायक्रोस्कोपला दोन जणांच्या जोडीची सोय असते आणि तिथे रोज असले संवाद चालतात: "मॅडम, ही प्लाझ्मा सेल आहे, धरायची का?" "धर. न्यूट्रोफिल मात्र सोड." स्तनकर्करोगासाठी रॉबर्टो साल्गाडो आणि सहकाऱ्यांनी आखून दिलेला नियम हाच आहे: एक केंद्रक असलेल्या सगळ्या दाहक पेशी धरायच्या, न्यूट्रोफिलसारख्या ग्रॅन्युलोसाइट सोडायच्या. निवासी डॉक्टर हे महिन्याभरात शिकतो. यंत्राला मात्र मरत चाललेली कर्कपेशी, चिमट्यानं दाबली जाऊन पसरलेली केंद्रकं, लोब्युलर प्रकारच्या कर्करोगातल्या लहान एकसारख्या कर्कपेशी, हे सगळं लिम्फोसाइटसारखं दिसू शकतं. लोब्युलर कर्करोगात तर गाठीलाच प्रतिकार समजण्याची चूक होते, आणि याहून उलटी चूक कोणती असेल?

आता त्या दोन निर्णयांकडे येते, ज्यांच्याबद्दल सुरुवातीला म्हटलं.

मुंबईची दाटी किती, असं कोणी विचारलं तर बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान जमिनीत धरायचं की नाही हे आधी ठरवावं लागतं. माणसं तेवढीच राहतात, उत्तर बदलतं. गाठीचं अगदी तसंच आहे. मानू या की एक चौरस मिलिमीटर ऊतीत एकंदर ५,००० केंद्रकं आहेत, त्यातल्या ८०० लिम्फोसाइट, आणि त्यांपैकी ७२० स्ट्रोमात. स्ट्रोमानं ०.४ चौरस मिलिमीटर जागा घेतली आहे. एक सॉफ्टवेअर म्हणेल, दर चौरस मिलिमीटरला ८०० पेशी. दुसरं फक्त स्ट्रोमा धरून म्हणेल, १,८००. तिसरं एकूण पेशींतला वाटा देईल, १६ टक्के. चौथं लिम्फोसाइटचा व्यास ८ मायक्रॉन धरून स्ट्रोमातलं त्यांचं क्षेत्रफळ काढेल आणि ९ टक्के सांगेल. यांतल्या एकानंही पेशी ओळखण्यात चूक केलेली नाही.

हे कागदी उदाहरण नाही. येल विद्यापीठात डेव्हिड रिम यांच्या गटानं २०२१ मध्ये ट्रिपल निगेटिव्ह कर्करोगासाठी क्यूपाथवर एक खुली पद्धत प्रसिद्ध केली. त्यांनी एकाच ओळख-यंत्रातून पाच वेगवेगळी मापं काढली: कधी कर्कपेशींच्या जोडीनं, कधी सगळ्या पेशींत, कधी स्ट्रोमाच्या पेशींत, कधी दर चौरस मिलिमीटरला, कधी स्ट्रोमाच्या क्षेत्रफळात. ही प्रामाणिक रीत आहे. भागाकार लपवून ठेवायचा नाही, उघड मांडायचा आणि रुग्णांच्या पुढच्या आयुष्याशी प्रत्येक मापाचा संबंध तपासायचा.

वरच्या ९ टक्क्यांत आणखी एक अडचण आहे. ट्रिपल निगेटिव्हच्या अभ्यासांतले ३० आणि ५० टक्क्यांचे उंबरठे माणसांच्या डोळ्यांनी ठरवले आहेत. आणि साल्गाडो यांच्या नियमांतच लिहिलेलं आहे की लिम्फोसाइट एकमेकींना भिडून सलग पत्रा करत नाहीत, त्यामुळे १०० टक्के म्हणतानाही त्यांच्यामध्ये थोडी रिकामी जागा असणार. माणसाचे १०० टक्के म्हणजे 'सगळीकडे लिम्फोसाइट आहेत'. यंत्र क्षेत्रफळ मोजतं तेव्हा ती मधली जागा वजा करतं. गच्च भरलेल्या स्ट्रोमातही त्याचा आकडा १०० ला कधीच पोचणार नाही. एखाद्या प्रयोगशाळेनं यंत्राची टक्केवारी थेट त्या ३० टक्क्यांच्या उंबरठ्याशी ताडून पाहिली, तर चांगल्या भवितव्याच्या कितीतरी रुग्ण वाईट गटात ढकलल्या जातील. हा धोका मला सॉफ्टवेअरच्या सगळ्या चुकांपेक्षा मोठा वाटतो, कारण यात चूक झाली हे दिसतच नाही.

दुसरा निर्णय जागेचा. गाठीची कड कुठे? त्या कडेचा पट्टा किती रुंद, एक मिलिमीटर की कमी? मेलेली ऊती, दूधनलिकेतच अडकलेला कर्करोग, शेजारची निरोगी ग्रंथी हे सगळं गाळायचं असतं. यंत्राला ते गाळायला स्वतंत्रपणे शिकवावं लागतं, नाहीतर कोणीतरी माउसनं रेषा आखावी लागते. कडेवर लिम्फोसाइटची झुंबड असते, त्यामुळे रेषा पाव मिलिमीटर आत-बाहेर सरकली तरी आकडा उसळी मारतो. पॅथॉलॉजिस्टांमध्ये मतभेद का होतात याचा २०२० मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटानं शोध घेतला तेव्हा पेशींच्या असमान वाटणीचं कारण ठळकपणे पुढे आलं. म्हणून 'पूर्णपणे स्वयंचलित' या शब्दांपाशी मी थांबते आणि विचारते, रेषा कोणी आखली?

पेशी न मोजताही उत्तर काढणाऱ्या पद्धती आहेत. न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रूक विद्यापीठाचे जोएल सॉल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये अमेरिकेच्या कर्करोग-जनुकसंग्रहातल्या १३ प्रकारच्या गाठींच्या पाच हजारांहून अधिक स्लाइडचे ५० मायक्रॉन बाजूचे चौकोन पाडले. प्रत्येक चौकोनाला एकच प्रश्न: इथे लिम्फोसाइट आहेत की नाहीत? त्यातून नकाशे निघाले आणि पेशी गाठीत विखुरल्या आहेत, घोळक्यानं आहेत की वेशीवरच अडल्या आहेत ते दिसलं. दोन गाठींत संख्या सारखी आणि मांडणी वेगळी, हे नुसत्या आकड्यात कधी कळलं नसतं. स्टॅनफर्डचं सायबरसॉर्ट, २०१५चं, तर चित्र पाहतच नाही. ते ऊतीतल्या आरएनएवरून २२ प्रकारच्या प्रतिकारक पेशींचा वाटा अंदाजानं काढतं. प्रकार भरपूर कळतात, जागा मात्र पूर्ण हरवते.

इतक्या वेगळ्या मापांची तुलना करायची कशी? निबंधांत सहसा सहसंबंध दिलेला असतो: अमुक आणि तमुक पद्धतींत ०.९. मार्टिन ब्लँड आणि डग्लस ऑल्टमन यांनी १९८६ मध्येच 'लॅन्सेट'मध्ये समजावून सांगितलं होतं की सहसंबंध म्हणजे एकमत नव्हे. एक पद्धत कायम दुसरीच्या दुप्पट मोजत असेल तर सहसंबंध पूर्ण १ येईल, आणि उंबरठ्यावरच्या रुग्णाचा निर्णय मात्र उलटा होईल. दोन्ही पद्धतींतला फरक प्रत्येक स्लाइडसाठी काढावा, तो त्यांच्या सरासरीसमोर मांडावा आणि कुठे कोण झुकतं ते पाहावं, असा त्यांचा उपाय होता. चाळीस वर्षं होत आली, तरी या क्षेत्रात तो सगळे पाळत नाहीत.

तुलनेची पट्टीच कधी कधी वाकडी असते, याचं उदाहरण आपल्या जवळचं आहे. आयआयटी मुंबईचे अमित सेठी आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये केंद्रकांच्या कडा आखलेला संच खुला केला होता. त्यातल्या खुणा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी केल्या आणि तज्ज्ञ पॅथॉलॉजिस्टनं तपासल्या. २०२० मध्ये याच गटानं टाटा मेमोरियल सेंटरच्या पॅथॉलॉजिस्टच्या साथीनं मोनुसॅक ही जागतिक स्पर्धा घेतली. ७१ रुग्ण, ३७ रुग्णालयं, चार अवयव आणि ४६ हजारांहून जास्त केंद्रकं. ती लिम्फोसाइट, मॅक्रोफेज, न्यूट्रोफिल आणि एपिथेलियल पेशी अशी वेगळी लावलेली. पवईत आखलेल्या पट्टीवर जगभरचे गट आपली यंत्रं तोलायला आले. पुढे ब्रुसेल्समधल्या संशोधकांनी स्पर्धेचे गुण काढणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चुका दाखवल्या आणि आयोजकांनी त्याच नियतकालिकात उत्तर दिलं. चुका सापडल्या कारण सगळं खुलं होतं. ज्या व्यापारी पद्धती आतलं गणित दाखवत नाहीत, त्यांच्या चुका शोधायला कोणी जाऊच शकत नाही.

मात्र या स्पर्धेतली चित्रंही त्या अमेरिकी संग्रहातलीच होती. ही उणीव आता भरून काढायला हवी. आपल्याकडे गाठ सांगलीत किंवा परभणीत काढली जाते, फॉर्मालिनमध्ये कधी पडली याची नोंद असतेच असं नाही, ब्लॉक पिशवीत घालून नातेवाईक परळच्या टाटा मेमोरियलला घेऊन येतात. रंग वेगळे, जाडी वेगळी, स्कॅनर वेगळा. परदेशी स्लाइडवर शिकलेलं यंत्र इथे जसंच्या तसं वापरणं पुण्याच्या हवामानावरून कोकणातली पेरणी ठरवण्याइतकं चुकीचं ठरेल.

आणि गरज तर इथेच जास्त आहे. टाटा मेमोरियलमध्ये डोक्या-मानेच्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर झालेल्या चाचणीत निव्होलुमॅबचा नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, म्हणजे दर तीन आठवड्यांना २० मिलिग्रॅम डोस इतर औषधांना जोडला, तेव्हा वर्षभरानंतर हयात असणाऱ्यांचं प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. प्रतिकारशक्तीला जागवणारं औषध आपल्या रुग्णांच्या आवाक्यात येऊ शकतं, हे त्यातून दिसलं. पुढचा प्रश्न ते कोणाला लागू पडेल हा आहे, आणि गाठीतल्या पेशींची मोजणी त्याच्या उत्तराचा एक भाग असू शकते.

त्यासाठी लागणारा अभ्यास फार खर्चिक नाही. मोठ्या रुग्णालयांत पाठपुरावा झालेल्या रुग्णांचे जुने ब्लॉक जपून ठेवलेले असतात. एकाच ब्लॉकचे लागोपाठचे काप घ्यावेत. एक एच अँड ई, एक सीडी३, एक सीडी८. दोन-तीन पॅथॉलॉजिस्टांनी स्वतंत्रपणे टक्केवारी द्यावी, दोन-तीन खुली सॉफ्टवेअरं त्याच रेषेच्या आत चालवावीत, मुंबईबाहेरून आलेले ब्लॉक मुद्दाम निम्मे ठेवावेत. फरक ब्लँड-ऑल्टमनच्या रीतीनं मांडावेत आणि शेवटी पाच वर्षांत कोणाचा रोग उलटला ते प्रत्येक आकड्याच्या शेजारी लिहावं. तोवर यंत्रानं दिलेला आकडा रुग्णाच्या अहवालात छापायचाच असेल, तर कापाची जाडी, सॉफ्टवेअरची आवृत्ती, कोणत्या रेषेच्या आत मोजलं आणि कशानं भागलं, हेही त्याच ओळीत छापावं. पुढच्या रुग्णालयातल्या डॉक्टरला तो आकडा वाचायला तेवढं लागतंच.